तिसरी टोपली

नाकात काडी घालायची म्हटलं की माणूस आधी मान मागं घेतो आणि मग विचारतो, "इससे हमकू क्या फायदा?" आठ वर्षं मी हा प्रश्न रोज ऐकला. खरं उत्तर होतं, काही नाही. न्यूमोनियानं दाखल झालेल्या माणसाच्या नाकातून आणि घशातून कापसाची काडी फिरवून घ्यायची, ती गुलाबी पाण्याच्या छोट्या व्हायलमध्ये मोडून टाकायची आणि बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये न्यायची. तिथं ती उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जाई आणि सवडीनं तपासली जाई. शहरात या मोसमात कोणकोणते विषाणू फिरतायत याचा तक्ता वर पाठवला जाई. पेशंटच्या औषधात त्यानं फरक पडत नसे. निकाल येईपर्यंत पेशंट बहुतेक घरी पोचलेला असे, नाहीतर या जगात नसे.

त्यामुळं माझ्याकडं द्यायला जे होतं त्यावर मी सौदा करायचो. पंख्याखालचा बेड. बायकोजवळ बसायला एक स्टूल. एक्स-रेच्या माणसाला एक शब्द. दुसऱ्या नातेवाइकाला आत यायचा पास. समोरच्याला यातलं नेमकं काय हवंय हे मी त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचो. जुन्या शहरातला एक धिप्पाड माणूस बापाच्या उशाशी हाताची घडी घालून उभा होता.

"साब, मेरे बावा की नाक है, नलका नहीं है."

"नलका रहता तो पूछता कायकू? सीधा खोल लेता."

तो हसला. हसला म्हणजे अर्धं काम झालं. त्याची आई गेटवर अडकली होती. तिचा पास करून आणला आणि काडी घेतली. बाकीचे तिघं टेक्निशियन मिळून आणत नसत तेवढ्या व्हायली मी एकटा आणायचो. तक्त्यावर नावं डॉक्टरांची लागायची, ते जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगायचो. ट्रेनिंगमध्ये ती शिकवली होती आणि मला पटली होती. निगेटिव्ह आलं म्हणजे विषाणू नव्हता असं नाही. आम्हाला सापडला नाही, एवढंच.

मी चार वर्षांचा असताना आम्ही देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यातून इथं आलो. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा. काचीगुड्यात स्टेशनच्या मागं आमच्या दोन खोल्या. जामबागच्या मराठी शाळेत दहावी केली, मग हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायला लागलो आणि ते करता करता संध्याकाळचा लॅबचा कोर्स केला. मला कोणी हात धरून वर ओढलं नाही. धाकट्या भावाला मात्र मी ओढलं. तो इंजिनिअर होईपर्यंत घरात दुसरा विषय मी निघू दिला नाही. आता तो बरकतपुऱ्यात चौथ्या मजल्यावर राहतो, आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर.

बाप एका गोष्टीवर अडून असायचा. कोणत्याही फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना आला की तिथं गावच लिहायचं. आपले जातीचे दाखले तिकडचे, ते तिकडंच चालतात, इथं आपल्याला कोणी धरत नाही. उद्या पोरांना परत जायची वेळ आली तर कागदावर गाव तुटलेलं नको. गावातलं घर पडलं, त्या जागेवर ग्रामपंचायतीनं पाण्याची टाकी बांधली, तरी आम्ही तोच पत्ता लिहीत राहिलो. बाप गेल्यावरही.

मग राज्याची दोन राज्यं झाली. आमची लॅब दोघांच्या सामायिक यादीत पडली. कोणता कर्मचारी कोणत्या राज्याला जाणार याची यादी लागायची होती आणि ती लागेपर्यंत सगळं थांबलं होतं. बदली नाही, बढती नाही, दुसऱ्या खात्यात जाणं नाही. राजीनामा द्यावा तर आधीची नोकरी कोणत्या राज्यानं धरायची हेच ठरलेलं नव्हतं. आम्ही सकाळी येऊन सही करायचो आणि यादीबद्दल एकमेकांना विचारायचो.

त्या हिवाळ्यात शहराला स्वाइन फ्लूची धास्ती होती. मायला आधी सर्दी झाली, मग ताप आला. एका सकाळी ती नेहमीसारखी वंदना म्हणायला बसली आणि दुसऱ्या ओळीलाच तिला धाप लागली. मी तिला ऑटोत घालून आमच्याच हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेत उजव्या बाजूला खाली पांढरा ढग होता. न्यूमोनिया. म्हणजे आमच्या नियमाप्रमाणं तिची काडी घ्यायची होती, आणि ती दुसऱ्या कोणी घ्यावी हे मला नको होतं.

"आठ वर्षं लोकांच्या नाकात काड्या घालायलास," ती म्हणाली. "आता आईचंच नाक राहिलं होतं का?"

"हालू नको, माय."

"मी कुठं हालायले? तुझाच हात हालायलाय."

काडी घेतली, व्हायल बंद केली, फॉर्म भरला. आमच्या फॉर्मवर पत्त्याचा एकच रकाना होता, कायमचा पत्ता. मी सवयीनं, नीट अक्षरात गाव लिहिलं, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड. शेजारच्या बेडवरच्या बाईनं विचारलं, निकालात काही नाही आलं तर काळजी नाही ना? तिला मी माझं ते नेहमीचं वाक्य ऐकवलं. माय डोळे मिटून पडली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला वाटलं झोपली.

भाऊ दुपारी आला. तिला बघितलं आणि मला वऱ्हांड्यात घेऊन गेला.

"तूच आणलंस हे, दादा."

"काय म्हणालास?"

"त्या वॉर्डातून उठतोस आणि थेट तिच्या ताटाशी येऊन बसतोस. ती घराबाहेर कुठं जाते? विहारात जाते, तेही पौर्णिमेला. मग हे आलं कुठून?"

मी त्याची कॉलर धरली. स्ट्रेचरवाल्यांनी सोडवलं. ते माझ्या जुन्या दिवसांतले सोबती, नाहीतर सोडवलं नसतं.

माय बरी झाली. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. मी फाइल घेऊन खाली आलो तोवर भावानं तिला गाडीत बसवलं होतं. थोडे दिवस आराम होईल, असं तो म्हणाला. पुढच्या रविवारी तिला आणायला गेलो तर भावजय दारातच उभी राहिली.

"राहू द्या ना भाऊजी थोडे दिवस. तुमच्या अंगाखांद्यावरून काय काय येतंय, कुणाला दिसतंय?"

दाराशी चपलांची रॅक होती. मी रॅकला लाथ मारली. चपला जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. भाऊ बाहेर आला, सगळं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आधी नोकरी बदल. मग माय ने." दार लागलं. आतून मायचा आवाज आला, "काय पडलं गं?"

नोकरी बदलायला वाव नव्हता, हे त्याला माहीत होतं. सगळ्या शहराला माहीत होतं, पेपरात रोज येत होतं. मी दर रविवारी बरकतपुऱ्यात जायचो, सोफ्याच्या टोकाला बसायचो आणि चहा घेऊन परत यायचो. माय माझ्यापासून दोन हात लांब प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची तिथं भावजय ठेवायची. घरी बायकोनं मायची गादी गुंडाळली नव्हती. रोज झटकून पुन्हा घालायची.

आणि खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. माय आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात एक म्हातारा काडी घेताना माझ्या तोंडावर खोकला होता. माझा मास्क हनुवटीवर होता. आत गुदमरत होतं म्हणून. घरी आलो, हात धुतले आणि मायच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. त्या म्हाताऱ्याच्या व्हायलमध्ये फ्लू सापडला होता, ते मी स्वतः तक्त्यात बघितलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मायच्या व्हायलमध्ये तोच निघाला तर भावाचं खरं. दुसरा काही निघाला, किंवा काहीच नाही निघालं, तर ते वाक्य त्याच्या घशात परत घालता येईल, असं मला वाटायचं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. भाजी घेताना, बसमध्ये उभा असताना मी त्याला नवनवी उत्तरं द्यायचो.

व्हायल मात्र फ्रीजरमध्ये होती आणि फ्रीजरची वाटणी चालली होती.

आधी खुर्च्या झाल्या. एका राज्याची हिरवी चिठ्ठी, दुसऱ्याची पिवळी. मग कपाटं, सूक्ष्मदर्शक, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ पिवळ्याकडं गेलं आणि हिरव्याकडची माणसं वेळ विचारायला तिकडं डोकवायला लागली. मग वरून कागद आला की जमा नमुने पेशंटच्या पत्त्याप्रमाणं वेगळे करावेत आणि वाटणी होईपर्यंत तपासणी थांबवावी. ज्या जिल्ह्याचा माणूस, त्या राज्याचा नमुना. नाकातून काढलेल्या चिकट पाण्यालाही कायमचा पत्ता असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या मॅडम लॅबच्या प्रमुख. तेलुगू, पण माझ्याशी दक्खनीत बोलायच्या. मी मायच्या नमुन्याचं विचारलं तेव्हा त्यांनी रजिस्टरवर बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"ये इधर का भी नहीं, उधर का भी नहीं. नांदेड कायकू लिखे?"

"मेरी माँ का है, मॅडम."

"माँ रहती कहाँ?"

"काचीगुडा."

"तो काचीगुडा लिखते!"

 बापाची सगळी गोष्ट, दाखले, पाण्याची टाकी, हे कुठून सुरू करणार? फ्रीजरमध्ये हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठीच्या रॅकखाली एक तारेची टोपली ठेवली होती. तिच्यावर 'इतर' असं लिहिलं होतं. बिदरचे, नांदेडचे, ओरिसातल्या वीटभट्टीवाल्यांचे नमुने त्यात. त्यांना कोणी मागत नव्हतं. माझ्या मायची व्हायल त्यांच्यात पडली होती आणि तिथं ती मीच टाकली होती, स्वतःच्या सुवाच्य अक्षरानं.

मग मी सौदा केला. फ्रीजरची यादी करायला कोणी तयार नव्हतं. लेबलं बर्फानं झाकलेली, शाई पुसलेली, दोन मिनिटं आत हात घातला की जाड मोज्यातही बोटं बधिर व्हायची. मी मॅडमना म्हणालो, सगळी यादी मी एकटा करतो. पण त्या टोपलीतली एक व्हायल तपासून द्यायची.

"एक?"

"एकच."

"और किसको बोलना नहीं."

दोन महिने लागले. मी प्रत्येक व्हायल हातात धरली. कितीतरी नावं मला आठवत होती, कोणाला स्टूल दिलं, कोणाला पास. तो नळवाला बावा पिवळ्या रॅकमध्ये निघाला. पोरगा जुन्या शहरात राहत होता, पण बापाचा पत्ता त्यानं कर्नूलचा दिला होता. म्हणजे माझ्यासारखाच तोही.

यादी संपायला थोडंच उरलं होतं तेव्हा लॅबच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालायला सुतार आले. भिंत फ्रीजरच्या जागेवरून जात होती म्हणून फ्रीजर सहा फूट सरकवला. सरकवताना प्लग काढला. परत लावला असं सगळ्यांना वाटलं. मी सकाळी आलो तर फरशीवर पाणी. दार उघडलं, तर व्हायलींतलं गुलाबी पाणी हलत होतं.

मी प्लग लावला. पोछा घेतला आणि गुडघ्यावर बसून पाणी पुसायला लागलो. वितळून पुन्हा गोठलेल्या नमुन्यात विषाणू टिकेल याचा काही भरवसा नसतो, हे मला तोंडपाठ होतं. आठ वर्षांची मेहनत होती ती, माझी आणि त्या सगळ्या माणसांची. पण पुसता पुसता डोक्यात पहिला विचार तो आला नाही. पहिला विचार आला की आता मायचा निकाल निगेटिव्ह यायची शक्यता वाढली.

त्या पाण्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. हिरव्यांना ते आपल्या रजिस्टरात नको होतं, पिवळ्यांनाही नको होतं, आणि फ्रीजर त्या दिवशी नेमका कोणाचा होता हेही ठरलेलं नव्हतं. मीही लिहिलं नाही.

यादी पुरी करून मी मॅडमसमोर ठेवली.

"अब उस सॅम्पल का क्या मतलब है?" त्या म्हणाल्या. "तुम तो जानते."

"सौदा सौदा है, मॅडम."

त्यांनी रजिस्टर मिटलं. चार दिवसांनी कागद दिला. कोणताही विषाणू आढळला नाही. खाली सही, शिक्का. कागद माझ्या हातात देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही, आणि मीही ओढला नाही. मग सोडला.

रविवारी सकाळी मी बरकतपुऱ्यात गेलो. चपला रॅकमध्ये नीट लावून ठेवल्या. भावाच्या समोर टेबलावर कागद ठेवला. त्यानं दोनदा वाचला. भावजयीनं त्याच्या खांद्यावरून वाचला.

"म्हणजे भाऊजींनी आणलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी असं नाही म्हणत. कागद म्हणतोय," मी म्हणालो. हे वाक्य मी कामावर जाता-येता बसमध्ये तयार केलं होतं.

भावानं कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"वऱ्हांड्यात मोठ्यानं बोलला होतास. आता पण मोठ्यानं बोल."

"दादा, जाऊ दे ना."

"जाऊ कसं दे? दहा महिने मी इथं पाहुण्यासारखा चहा पिऊन जातोय. बोल."

"चुकलं माझं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की असेच भरायचे, आणि मग मी मारणाऱ्याला शोधायला निघायचो. मला वाटलं होतं, हे ऐकून छाती हलकी होईल. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ती मला लवकर दृष्टीआड करायची होती.

"आता मायला नेतो."

माय प्लास्टिकच्या खुर्चीतून बघत होती. "अरे, मी काय तुमच्या हापिसातली खुर्ची हाय का? चिठ्ठी चिकटवली की उचलून न्यायला?"

कोणी हसलं नाही. पण ती उठली. आत गेली आणि पिशवी घेऊनच आली. पिशवी आधीपासून भरलेली असावी. तेवढ्या वेळात भरून झाली नसती.

काचीगुडा स्टेशनजवळ ऑटो अडकला. नुकतीच गाडी आलेली, माणसं, सामान, बस, स्कूटर, सगळं एकमेकांत घुसलेलं. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि हातावर हात ठेवून बसला. माय बाहेर बघत होती. बघता बघताच म्हणाली, "दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई होती. तिला तू काय सांगत होतास?"

मला लगेच कळलं. तरी म्हणालो, "कोणती बाई?"

"नाही आलं म्हणजे नव्हतं असं नाही. आम्हाला सापडलं नाही, एवढंच. असंच ना?"

"तू झोपली होतीस."

"तोंडावर मास्क होता. कानावर नव्हता."

ऑटोतून उतरून कुठं जाणार? दोन्ही बाजूंना बस होत्या. मी तिला सगळं सांगितलं. टोपली, प्लग, फरशीवरचं पाणी. माझ्या तोंडावर खोकलेला म्हातारा आणि हनुवटीवरचा मास्क. तिच्या ताटातली भाकरी. आठ वर्षांत मी कोणाला इतकं फुकट दिलं नव्हतं.

तिनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "भावाला सांगू नको."

"का?"

"परत न्यायला येईल तो. तिथं लिफ्ट हाय. मला एकटीला लिफ्टचं भ्या वाटतंय. दहा महिन्यांत पाच वेळा खाली उतरले असन." आणि थोड्या वेळानं, "घरी आलास की आधी मोरीवर जायचं. अंगावरचे कपडे भिजवायचे. मग माझ्याजवळ बसायचं."

"हौ."

"आणि माझं ताट माझं."

मी मान हलवली. अजून त्या नोकरीत अडकलोच होतो. यादी लागलीच नव्हती. उद्या सकाळी परत त्याच वॉर्डात, त्याच काड्या घेऊन. तिला माझ्या हट्टानं मी तिच्या गादीवर परत नेत होतो आणि खिशातला कागद कशाचीच हमी देत नव्हता. ऑटो उलट फिरवू का, असं मी विचारायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. विचारले नाहीत.

पुढच्या बसनं काळा धूर सोडला. मायनं पदर नाकातोंडावर घेतला आणि सीटवर थोडी पलीकडं सरकली. धूर होताच, ते खरं. पण धूर समोरून येत होता आणि ती सरकली ती माझ्यापासून. ऑटोवाल्यानं मान काढून पुढं बघितलं, मागं बघितलं, आणि पुन्हा हातावर हात ठेवून बसला.